थकबाकीने गेलेला प्रांत

गृहस्थाश्रमाच्या अनेक काळज्यांपैकी एक काळजी अशी आहे की, तिच्याविषयी चारचौघांत बोलण्यास आपण संकोचतो. ती म्हणजे देणी वेळेवर देण्याची. विजेचे बिल, घरपट्टी, पाणीपट्टी, मुलांच्या शाळेचे शुल्क, विम्याचा हप्ता, वाण्याचे खाते, दुधाचा रतीब, ही सारी देणी लहान लहान असतात. लहान असल्यामुळेच ती ‘पुढच्या महिन्यात पाहू’ या सदरात जाऊन पडतात. एखादे बिल महिनाभर राहिले तर काय मोठे बिघडले, असे आपण मनाशी म्हणतो. आज मी आपल्याला एका अशा घराण्याची हकीकत सांगणार आहे की, ज्याने असेच म्हटले आणि त्यापायी एक सबंध प्रांत गमावला. तो प्रांत आपल्याला परका नाही. अमरावती आणि अकोला ही ज्याची दोन प्रमुख नगरे, तो आपला वऱ्हाड.

वऱ्हाड इंग्रजांनी लढाईत जिंकला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला तो थकलेल्या पगाराच्या बाकीपोटी.

हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत एक फौज होती. तिला इंग्रजीत ‘कंटिंजंट’ म्हणत. अंमलदार इंग्रज आणि पगार मात्र निजामाचा, अशी तिची रचना होती. आपल्याकडे अचलपूर हे तिचे एक ठाणे होते. १८०० सालच्या तहान्वये जी तैनाती फौज ठेवली होती, तिच्याहून ही वेगळी. तैनाती फौजेच्या खर्चासाठी निजामाने मुलूख तोडून दिला होता. या दुसऱ्या फौजेचा खर्च मात्र रोख द्यावा लागे, आणि तो वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गेला होता.

आता अडचणीचे मूळ पाहा. शिपायाचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावयाचा. राज्याचा महसूल मात्र पिकाबरोबर, हंगामाने येणार. येणे हंगामी आणि देणे मासिक! ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. वऱ्हाडात पैसा कापसाच्या गाड्यांबरोबर घरात येतो. वाण्याचा माणूस मात्र आषाढातही दारात उभा असतो. यावर उपाय एकच असतो. हंगामात आलेल्या पैशांतून बारा महिन्यांची देणी अगोदर बाजूला काढून ठेवावी. तसे न करता हैदराबाद दरबाराने दुसरा मार्ग धरला, तो उसनवारीचा.

१८०८ पासून १८४३ पर्यंत तेथील कारभाराची सूत्रे राजा चंदूलाल यांच्या हाती होती. त्यांच्या काळात विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढे आली. फौजेचा मासिक पगार पेढीने आगाऊ द्यावा आणि त्यापोटी मुलुखाचा वसूल पेढीकडे लावून द्यावा, असा करार झाला. व्याजाचा दर शेकडा चोवीसच्या आसपास होता. पगार वेळेवर मिळू लागला. पण ज्या वसुलातून पुढील वर्षाचा पगार द्यावयाचा, तोच व्याजात जाऊ लागला. १८२० साली त्याच पेढीकडून आणखी साठ लाखांचे कर्ज काढण्यात आले. शेवटी पामरांचे देणे फेडण्यासाठी इंग्रज सरकारकडून रक्कम घ्यावी लागली, आणि तिच्या मोबदल्यात उत्तर सरकार या प्रांतापोटी निजामाला दरसाल मिळणाऱ्या सात लाख रुपयांवर त्याला कायमचे पाणी सोडावे लागले. म्हणजे चालू खर्चाचे देणे फेडण्यासाठी कायमचे येणे विकले गेले. घरातील भाड्याची खोली विकून वाण्याचे खाते चुकते करावे, तसाच हा प्रकार!

एवढ्याने सवय सुटली नाही. केवळ सावकार बदलले. वऱ्हाडचा बहुतेक वसूल पुरणमल नावाच्या हैदराबादेच्या बड्या सावकाराकडे मक्त्याने गेला. १८३९ साली त्याला दूर करण्यात आले. त्यानंतर पेस्तनजी आणि कंपनी या पारशी व्यापाऱ्यांची पाळी आली. या पेढीचे वऱ्हाडवर उपकारही आहेत. १८२५-२६ साली वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर प्रथम मुंबईस नेला तो तिने. कापूस पिकविणाऱ्यांना तिने आगाऊ रकमा दिल्या, खामगावी वखारी उघडल्या. सरकारला दिलेल्या कर्जाच्या फेडीसाठी १८४१ साली तिला मोठ्या मुलखाचा वसूल लावून देण्यात आला. पुढे दोनच वर्षांनी चंदूलाल पायउतार झाले. नव्या दिवाणाने तो मुलूख परत मागितला, आणि १८४५ साली पेढीला बळाने बाहेर काढण्यात आले. ज्या दरबाराने आपल्या धनकोशी असे वर्तन केले, त्याला पुढे कर्ज तरी कोण देणार? बाजारातील पत संपली. उरला एकच सावकार. तो म्हणजे इंग्रज सरकार.

फौजेचा पगार थकला की इंग्रज रेसिडेंट आपल्या खजिन्यातून तो देई आणि निजामाच्या नावे लिही. लिहिता लिहिता आकडा फुगला. १८५१ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांचा निर्वाणीचा तगादा आला, तेव्हा निजाम नासिरुद्दौला यांनी मोठी रक्कम एकदम भरली. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. कारण आपल्या घरीही असेच घडते. दिवाळीच्या सुमारास हाती पैसा आला म्हणजे आपण सारी थकबाकी एकदम भरतो आणि सुटलो असे समजतो. परंतु थकबाकी भरणे वेगळे, आणि थकण्याचे कारण दूर करणे वेगळे. महिन्याच्या पगाराची काहीच तजवीज झाली नव्हती. म्हणून दोन वर्षांच्या आत बाकी पुन्हा चाळीस लाखांवर गेली.

मग २१ मे १८५३ रोजी तह झाला. फौजेचा खर्च आणि कर्जावरील व्याज यांच्यासाठी वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आले. अमरावतीचा परकोट बांधण्यास १८०७ साली आरंभ झाला, तो तेथील सावकारांचे पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून. त्या भक्कम भिंतींनी पेंढारी अडविले असतील. पण बाकीच्या आकड्याला कोणत्या वेशीवर अडविणार? पुढे वऱ्हाडचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन अमरावती व अकोला ही त्यांची मुख्य ठाणी झाली, आणि आपल्या या दोन नगरांच्या नव्या आयुष्याला आरंभ झाला.

येथे निजामाची बाजूही सांगितली पाहिजे. शांततेच्या काळात अशी कायमची फौज बाळगण्याचे बंधन जुन्या तहाने आपल्यावर घातलेले नाही, असे दरबाराचे म्हणणे होते. आणि तहाच्या शब्दांतून तसे बंधन निघत नाही, हे स्वतः डलहौसी यांनीही मान्य केले होते. म्हणजे बिलच मुळात वादग्रस्त होते! परंतु वर्षानुवर्षे जे बिल मान्य केले, कधी भरले, कधी थकविले, त्याच्याविरुद्धची तक्रार ऋणकोच्या तोंडून कोण ऐकणार? बिल चुकीचे वाटले तर ते आले त्याच दिवशी तपासावे आणि मुदतीच्या आत हरकत घ्यावी. ज्याची बाकी तुंबली, त्याचा खरा वादही लोकांना सबब वाटतो.

१८५३ च्या तहात एक अट निजामाच्या फायद्याची होती. या मुलखाचा हिशेब दरसाल त्याला दाखवावयाचा आणि शिल्लक उरेल ती परत करावयाची. १८६० साली नवा करार झाला. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख परत मिळाला. पण वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला, आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. मला वाटते, या साऱ्या कथेत खरी हानी हीच होय. पैसा गेला तर परत मिळविता येतो. हिशेब मागण्याचा अधिकार गेला म्हणजे मालक आपल्याच घरात पाहुणा होतो.

आणि वेळ तरी कोणती! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे ते भाव आले. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण सार्थ झाली, ती गहाणदाराच्या घरी. हा प्रांत सोडविण्यासाठी दिवाण सर सालारजंग यांनी पुढे पुष्कळ खटपट केली. तिला यश आले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी दरसाल पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. गहाण ठेवलेली वस्तू परत आली नाही, ती नाहीच.

परंतु या कथेतील अनुकरणीय पुरुषही हेच सालारजंग होत. तह झाला त्याच महिन्याच्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी ते दिवाण झाले. वसुलाचे मक्ते त्यांनी हळूहळू बंद केले, गहाण पडलेले महाल सोडविले आणि नोकरांचे पगार नियमित केले. त्यांच्यापाशी जादू नव्हती. येणे किती, देणे किती आणि ते कोणत्या तारखेस, हे त्यांनी लिहून काढले आणि त्याप्रमाणे ते वागले.

आपल्या घरासाठी यातून घ्यावयाचे ते थोडेच आहे. एका वहीत वर्षाची सारी देणी त्यांच्या मुदतींसह लिहावीत. घरपट्टी आणि विमा यांसारखी वर्षातून एकदाच येणारी देणी विशेषेकरून लिहावीत, कारण विसरतात ती तीच. पैसा हाती येताच त्या देण्यांचा वाटा प्रथम वेगळा ठेवावा, आणि उरलेल्यात घर चालवावे. दरमहाचे देणे कर्ज काढून कधीही भागवू नये. आज हातातील फोनवरून क्षणात बिल भरता येते, बँकेला सांगून ठेवले तर ते परस्परही भरले जाते. तथापि पावती जपावी आणि महिन्याकाठी हिशेब डोळ्यांखालून घालावा. परस्पर भरले जाणारे देणेही परस्पर वाढू शकते.

घरपट्टी थकली तर शास्ती बसेल, वीजबिल थकले तर दिवा जाईल. पैसे भरले की दोन्ही निस्तरेल. पण विम्याचा हप्ता सवलतीच्या मुदतीतही भरला नाही, आणि नेमके त्याच काळात घरावर संकट आले, तर मागाहून कितीही पैसे नेऊन दिले तरी गेलेला हक्क परत मिळत नाही. मुदत टळल्याने नुकसान किती होईल, हे बिलाच्या रकमेवरून कळत नाही.

म्हणून आज रात्री जेवणे झाल्यावर, फळीवर किंवा उशीखाली ठेवलेले कागद एकदा एकत्र करावेत आणि घरातील सर्वांनी मिळून ते वाचावेत. कोणते देणे कोणत्या तारखेचे, हे घरातील एकालाच ठाऊक असणे बरे नव्हे. वऱ्हाडच्या रयतेला आपला प्रांत कोणत्या बाकीपोटी गेला, हे कोणी विचारले नव्हते आणि सांगितलेही नव्हते. आपल्या मुलांना तरी ते माहीत असावे.