कचेरी सुटल्यावरची रंगभूमी

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. मराठी संगीत रंगभूमीची सुरुवात म्हणून ही तारीख शाळकरी मुलांनाही पाठ असते. नाटक लिहिणारे, बसवणारे आणि सूत्रधार म्हणून स्वतः उभे राहणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्या वेळी सरकारी नोकर होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. दिवसा रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतले कागद, संध्याकाळी कालिदास. त्या रात्री सातांपैकी चारच अंक झाले, उरलेले पुढच्या महिन्यात. रजा, तालमी आणि पाठांतर यांची मोट बांधताना असं व्हायचंच. पुढे किर्लोस्कर मंडळी धंद्यात उतरली आणि तिने इतिहास घडवला. पण पहिली घंटा झाली ती हौसेची.

मराठी रंगभूमीवर हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. जिथे जिथे तिने नवं वळण घेतलं, तिथे बहुतेक वेळा पोटापाण्यासाठी दुसरंच काही करणारा माणूस उभा होता. याचं कारण कलेपेक्षा हिशेबात जास्त आहे. नाटकावर ज्याची चूल पेटते, त्याला पडलेलं नाटक परवडत नाही. ज्याचा पगार एक तारखेला होतो, त्याला परवडतं.

विष्णुदास भाव्यांचंच पाहा. सांगलीत 1843 साली 'सीतास्वयंवर' झालं ते आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये आप्पासाहेब वारले, आश्रय संपला आणि भाव्यांना तिकीट लावून गावोगाव हिंडावं लागलं. धंदा आला तशी धंद्याची चाकोरीही आली: राक्षसांचा आरडाओरडा, विदूषकाचे चाळे, तेच ते पौराणिक आख्यान. त्याला कंटाळलेली इंग्रजी शिकलेली पोरं मग शेक्सपिअर आणि संस्कृत नाटकं भाषांतरून करू लागली. नाटक आधी लिहून, पाठ करून करायचं ही त्यांची पद्धत. लोकांनी या नाटकांना 'बुकिश' असं नाव ठेवलं, अर्धं कौतुकाने आणि अर्धं चेष्टेने. पुण्यातली आर्योद्धारक नाटक मंडळी ही याच सुशिक्षित हौशांची. गोविंद बल्लाळ देवल तिच्यातलेच. 1894 मध्ये पुण्यात 'स्टुडंट्स सोशल क्लब' निघाला. आज तो भरत नाट्य संशोधन मंदिर या नावाने ओळखला जातो आणि सदाशिव पेठेतल्या त्याच्या नाट्यगृहात अजूनही तालमींचा गलका असतो.

बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांच्या काळात व्यावसायिक मंडळ्यांचा झगमगाट एवढा होता की हौशी माणूस त्यांची नक्कलच करत राहिला. नक्कल हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यावा. नाटकवाल्यांच्या भाषेत नक्कल म्हणजे एकेका नटाच्या वाट्याचे संवाद उतरवून काढलेली वही. मग बोलपट आला, मंडळ्यांचे बिऱ्हाडी संसार कोसळू लागले आणि जागा रिकामी झाली. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं. के. नारायण काळे, श्री. वि. वर्तक, अनंत काणेकर ही शिकलेली, वाचलेली मंडळी त्यामागे होती. स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी केल्या. पदर सावरत लाजणारे पुरुष पाहायची सवय झालेल्या प्रेक्षकाला हा धक्काच होता. संस्था फार टिकली नाही, पण तिने घातलेला पायंडा टिकला. दशकभराने, नाट्यशताब्दीच्या वेळी, मुंबई मराठी साहित्य संघाचे डॉ. अ. ना. भालेराव यांनी मुंबईत नाट्यमहोत्सव भरवला. भालेराव पेशाने वैद्यकीय डॉक्टर.

डॉक्टरांचं या गोष्टीत इतकं काय काम, असा प्रश्न पुढे आणखी जोराने पडतो. पन्नाशीच्या दशकात पुण्यात भालबा केळकरांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे सगळ्यांची पीडीए, उभी केली. कान-नाक-घशाचे सर्जन श्रीराम लागू तिथलेच. 1969 मध्ये सर्जरी सोडून ते पूर्णवेळ नट झाले, तोवर जवळपास दोन दशकं त्यांनी हौशी म्हणून काम केलं होतं. त्याच पीडीएत दौंडला दवाखाना असलेले बालरोगतज्ज्ञ जब्बार पटेल, मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे, जीवरसायनशास्त्राचे सतीश आळेकर. 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' झालं. नाना फडणविसांचं ते चित्रण पाहून पुण्यात गदारोळ उठला, थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं आणि तरुण मंडळींनी मार्च 1973 मध्ये थिएटर अकादमी काढली. 1980 साली हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेलं. नोकरीधंदा सांभाळून, रजा टाकून केलेला तो दौरा. व्यावसायिक निर्माता या संहितेला हात लावायला धजला असता, असं वाटत नाही.

मुंबईत विजया मेहतांच्या रंगायनचीही हीच तऱ्हा. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक हवं म्हणून नाटककार तेंडुलकरांच्या मागे तगादा लागला होता. अशात विलेपार्ल्यात त्यांना एक हौशी मंडळी भेटली, अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली. तिथून सुचलं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. या नाटकातली माणसं हौशी नटच आहेत. एका गावात प्रयोगासाठी ती येतात आणि वेळ घालवायला आपल्यातल्याच एका बाईवर खटला चालवतात. अरविंद देशपांडे यांनी ते बसवलं. डिसेंबर 1967 मध्ये ही खटल्यातली बेणारे बाई उभी केली ती सुलभा देशपांडे यांनी, ज्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. रंगायन फुटल्यावर निघालेल्या आविष्कारने 1974 पासून याच शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि 'छबिलदास' हे एका चळवळीचंच नाव झालं.

डॉक्टर-प्राध्यापकांचीच नावं घेतली तर चित्र पांढरपेशं होईल, आणि ते खोटं ठरेल. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करत. गिरणगावात अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकासमोर पाळी संपवून आलेला कामगार बसे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत आजही कारखान्यातले फिटर-टर्नर तोंडाला रंग लावतात. बँका, एसटी, वीज मंडळ, पोस्ट सगळीकडे असे नट निघाले. त्यांच्यासाठी नाटकांचा एक वेगळाच प्रकार छापला जाई: 'स्त्रीपात्रविरहित'. बाई मिळत नाही ही अडचण सोडवायचा हा मार्ग आज हास्यास्पद वाटतो, पण त्यावर कित्येक गावांची स्नेहसंमेलनं पार पडली.

गोव्यात तर हौसेला देवाचाच आधार. जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात गावच्याच लोकांनी नाटक करायचं ही तिथली जुनी रीत. पोर्तुगीज अमलात मराठीला सरकारदरबारी थारा नव्हता. तेव्हा गावोगाव ती ऐकू येत राहिली त्यात या नाटकांचा वाटा मोठा. सुतार, भाटकार (जमीनदार), मास्तर एकाच पडद्यामागे, आणि संवाद विसरला तर विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत.

आणि स्पर्धा? राज्य नाट्य स्पर्धेने हौशी रंगभूमीला तारीख दिली, नाहीतर 'पुढच्या वर्षी नक्की करू' यातच अनेक संस्था संपल्या असत्या. महाराष्ट्रीय कलोपासकांनी 1963 मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन पोरांना एकांकिकेचं वेड लावलं. पण स्पर्धेने एक खोडही लावली. परीक्षकांना काय आवडतं याचा अंदाज घेऊन संहिता निवडायची, प्रकाशयोजनेत चमत्कार करायचे आणि निकाल लागला की सेट भंगारात. वर्षभर राबून एकच प्रयोग, तोही बहुतांशी दुसऱ्या संघांच्या नटांसमोर! करंडक गाजवलेली मुलं मालिकांकडे जातात म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. नाक मुरडायचंच तर त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून मुरडावं.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणपणे दिवाळीनंतर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या केंद्रांवर सुरू होते आणि तिकीट चहा-वड्याच्या दरात असतं. आपल्या गावच्या नाट्यगृहावर फलक लागला की एका संध्याकाळी जाऊन बसा, आणि नाटक पडलं तरी मध्यंतरात उठू नका.