तळटीप : ‘गूल्ड यांची चित्रे’

इथे अभिप्रेत असलेले जॉन गूल्ड (१८०४–१८८१) हे इंग्लंडमधील पक्षितज्ज्ञ व प्रकाशक. मात्र त्यांच्या सुरुवातीच्या ग्रंथांतील बहुतेक पक्षी शिळेवर रेखाटले ते पत्नी एलिझाबेथ यांनी. जॉन ढोबळ आराखडा काढून देत. पिसांचा पोत, डोळ्यांतली चमक, बसण्याची ढब हे सारे एलिझाबेथ यांच्या हातचे. हिमालयातील पक्ष्यांवरचा १८३०–३२चा ग्रंथ उभा राहिला तोच मुळी त्यांच्या ८० चित्रांवर. मुखपृष्ठावर नाव जॉन यांचे, चित्रांखाली बारीक अक्षरांत एलिझाबेथ यांचे. डार्विनने गालापागोसहून आणलेल्या फिंच पक्ष्यांची सुप्रसिद्ध चित्रेही त्यांचीच.

त्या काळी निसर्गाभ्यास हा पुष्कळदा घरचाच उद्योग असे आणि त्याची किंमत घरातली बाई मोजत असे. १८३८ मध्ये तीन लहान मुलांना मागे ठेवून एलिझाबेथ पतीबरोबर ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथेही बाळंतपण झाले, चित्रे चालूच राहिली. १८४१ मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर काही दिवसांतच त्या वारल्या. वय अवघे ३७. पुढे जॉन यांनी एका रंगीबेरंगी ऑस्ट्रेलियन फिंचला त्यांचे नाव दिले. हा सन्मान हृद्य खरा, पण ग्रंथकर्तृत्वातला वाटा त्याने भरून निघत नाही. वाचकांनी या प्रकरणात ‘गूल्ड’ हे नाव दोघांचे समजावे.
— संपादक