दहाचे बारा

मेकॉलेसाहेबांच्या मसुद्यावरून १८६० साली जी दंडसंहिता झाली, तिच्यात एक ओळ होती : पत्नीला दहावे वर्ष पुरे झाले असेल, तर नवऱ्याची बळजबरी हा बलात्कार नव्हे. दहा वर्षे! सागरगोटे खेळायचे वय ते!

पुढे मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लग्न अकराव्या वर्षी झालेले. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचे साफ नाकारले. नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी तुरुंग पत्करला! (१८८८ मध्ये तडजोड झाली, तुरुंग टळला.) दावा दिवाणी खरा, पण बायकोच्या संमतीचा प्रश्न त्याने घरोघर नेला.

१८९० मध्ये कलकत्त्याची फुलमणी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. तिला दहा उलटलेली, म्हणून बलात्काराचे कलम लागेना. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, एवढेच. मलबारींच्या चळवळीला आता धार चढली. भांडारकरांनी शास्त्राधार काढून दिले. टिळक म्हणत, सुधारणा समाजाने करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. राजकारणात हे बरोबर असेलही. पण त्या पोरींना थांबायला सवड कुठे होती?

१९ मार्च १८९१ रोजी दहाचे बारा झाले. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या, सुरतेस आणि राजकोटास त्यांनी कामे केली. १९५५ साली त्या वारल्या, तेव्हा पत्नीपुरती ही मर्यादा पंधरावर आली होती. अठरा झाली ती २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.