एका संग्रहातले चढउतार

चंद्रपुरात १९९० च्या दशकात वाढलेल्या आम्हा काही जणांना ‘संग्रह’ ही वस्तू साहित्याच्या वर्गात भेटण्याआधी एका पिवळ्या कॅसेटच्या रूपाने भेटली. टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर लाखाच्या घरातला आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच निघत. तोच ‘मारिओ’ यादीत पुन्हा पुन्हा येई, कधी पहिल्या टप्प्यापासून सुरू होणारा, कधी मधल्याच. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसत असूनही वीज जाई आणि मिळवलेले सारे पुसले जाई. अनुक्रमणिकेवर विश्वास ठेवू नये, हा धडा आम्ही तिथे घेतला.

त्याच सुमारास, १९९३ साली, निन्टेन्डोने मारिओचा अधिकृत संग्रह काढला. जपानात तो ‘सुपर मारिओ कलेक्शन’ म्हणून आणि अमेरिकेत ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ म्हणून आला. आमच्या हाती तो पुष्कळ उशिरा, संगणकावर पडला. त्यात चार जुने खेळ आहेत आणि त्यांची प्रत एकसारखी नाही, हे कोणीही सांगेल. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. ही विषमता हाच त्या संग्रहातला इतिहास आहे, आणि संपादकांनी नेमका तोच रंगवून झाकला.

१९८५ चा पहिला खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला होता. त्यातला ढग आणि झुडूप ही एकच आकृती. फक्त रंग बदललेला. ही काटकसर ओवीच्या मोजक्या चरणांसारखी आहे, बंधनातून आलेली आणि म्हणून घट्ट. संग्रहात चारही खेळांना सोळा-बिट यंत्राची श्रीमंती मिळाली, नवी चित्रे आली, आणि त्या काटकसरीचे कारणच दिसेनासे झाले. एवढ्यावर भागले नाही. मुळात वीट फोडताच मारिओ खाली आदळे, इथे तो वरच जात राहतो. ज्याच्या बोटांना जुनी लय पाठ आहे, त्याला हा बदल पाठभेदासारखा खुपतो.

सर्वांत दुबळा खेळ दुसरा. १९८६ चा हा जपानी उत्तरभाग म्हणजे पहिल्याच सामग्रीवर रचलेले अवघड प्रश्नसंच: विषारी अळंबी, अडवणारा वारा, पुढे नेण्याऐवजी मागे टाकणारे मार्ग. पहिला खेळ चुकांमधून शिकवतो, हा चुकणाऱ्याला हसतो. संपादकांनाही ते ठाऊक असावे. इतर खेळांत प्रगतीची नोंद जगागणिक ठेवली जाते, या एकात मात्र प्रत्येक टप्प्यागणिक. प्रस्तावनेत न दिलेली कबुली ही!

तिसऱ्याची गोष्ट मराठी नाट्याभ्यासकांना ओळखीची वाटेल. १९८७ साली जपानात ‘दोकी दोकी पॅनिक’ नावाचा वेगळाच खेळ आला होता. त्यातली पात्रे फुजी टेलिव्हिजनच्या एका महोत्सवाची. दुसरा भाग अमेरिकेसाठी फार अवघड ठरेल असे वाटल्याने १९८८ मध्ये याच खेळातली माणसे बदलून तो मारिओच्या नावाने तिकडे गेला. देवलांनी ‘ऑथेल्लो’ला ‘झुंझारराव’ केले, तसेच काहीसे. इथे शत्रूला चिरडायचे नसते, त्याच्यावर उभे राहून त्याला उचलायचे असते, घड्याळही नाही. याला उपरा म्हणून हिणवण्याची रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. यातली बुरखेधारी आणि अंडी फेकणारी पात्रे पुढे मारिओच्या घरचीच झाली. अस्सल उत्तरभाग निस्तेज आणि रूपांतर सकस, असे वाङ्मयातही घडतेच.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. एकाच प्रयोगात करुण प्रसंग, लावणी आणि ओढूनताणून आणलेला विनोद शेजारी शेजारी बसतात. प्रेक्षक कंटाळवाण्या भागात चहा पिऊन येतो, पण तो भाग नाटकातून काढा असे म्हणत नाही. नावाजलेल्या संग्रहांपुढे आपण समीक्षक एवढे मोकळे राहत नाही.

चौथा खेळ, ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’, जपानात १९८८ साली आला. विपुलता आणि शिस्त दोन्ही त्यात आहेत, त्यामुळे त्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. एकच नोंदवतो. तो पडदा वर जाऊन सुरू होतो, त्यातले ठोकळे मागच्या भिंतीवर सावली टाकतात आणि काही तर खिळ्यांनी ठोकलेले दिसतात. हा सारा रंगमंचच, असे शिगेरू मियामोतो यांनी २०१५ मध्ये मान्य केले. वडशाच्या नाटकमंडळींचे नेपथ्य पाहत वाढलेल्या आम्हांला ते खिळे तेव्हाच दिसले होते.