पार्किंगमधल्या ओरखड्यांचा इतिहास

स्मरणिका समितीने माझ्याकडे 'सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा जमाखर्च' असा विषय दिला होता. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरे काय देणार म्हणा! त्यासाठी जुनी इतिवृत्ते काढून बसलो. लिफ्ट, गळती, टँकर, पुन्हा गळती असे करत २०१८च्या सर्वसाधारण सभेपर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. त्या पानावर 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली चार ओळी आहेत, आणि शेवटी खजिनदार म्हणून माझी सही आहे. जमाखर्च कोणीही लिहील. मी त्या चार ओळींबद्दल लिहायचे ठरवले.

नव्या मंडळींसाठी थोडे मागचे सांगतो. आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटरच जास्त. चारचाकी बोटांवर मोजण्याइतक्या. माझी पद्मिनी त्यातलीच एक, बँकेच्या कर्जावर घेतलेली, तीसुद्धा दुसऱ्या हातची. पुढे गाड्या वाढल्या आणि त्या धुवायला मामा आले. मामांचे खरे नाव पगारपत्रकावर होते, पण लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. पहाटे पाचला बादली आणि खांद्यावर फडके.

२०१८च्या सभेत बी विंगमधल्या आपल्या एका सभासदाने तक्रार मांडली. आदल्या दसऱ्याला घेतलेली त्यांची काळी गाडी वर्षाच्या आत जाळी धरल्यासारखी दिसू लागली होती. सभा संपायच्या आधीच सगळे खाली उतरलो आणि त्यांनी मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला. खरेच, उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बारीक वर्तुळे दिसत होती. शोरूमने पॉलिशचा खर्च सांगितला होता तो ऐकून मीही गप्प झालो. मामांना बोलावले. ते टोपी हातात घेऊन मीटर-रूमच्या दाराशी उभे राहिले. "मामा, गोल गोल घासता का?" असे कोणीतरी विचारले. ते म्हणाले, "न पुसता चालंल का साहेब?" लोक हसले. मग दरमहा पाचशेप्रमाणे तीन महिने कपात असे ठरले. एकूण दीड हजार. मी सही केली.

ही वर्तुळे म्हणजे नक्की काय, हे आमच्यापैकी एकालाही तेव्हा ठाऊक नव्हते. मला ते कळले लॉकडाउनमध्ये. पण ते नीट समजायला गाडीच्या रंगाचा इतिहास थोडा पाहावा लागतो, आणि तो मोठा मजेदार आहे.

पहिल्या मोटारी म्हणजे बिनघोड्याच्या बग्ग्याच. त्यांना रंगही बग्गीचाच, तेलात कालवलेला आणि ब्रशने लावलेला. एक हात वाळायला दिवस जायचे, मग घोटायचे, मग पुढचा हात. एका गाडीचा रंग पुरा व्हायला काही आठवडे लागत. १९१३ साली फोर्डने सरकती जोडणी सुरू केली तेव्हा गाडी झटपट तयार होऊ लागली आणि रंग मागे पडला. म्हणून १९१४ ते १९२५ फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघत असे. डांबरी जातीचा तो काळा रंग भट्टीत भाजून लवकर वाळत असे.

यातून सुटका केली ड्यूपाँ या रसायन कंपनीने. बिनधुराची बंदुकीची दारू ज्या नायट्रोसेल्युलोजपासून होते, त्याच जातीच्या पदार्थापासून त्यांनी फवारणीचा लॅकर बनवला आणि त्याला नाव दिले ड्युको. जनरल मोटर्सने १९२४च्या मॉडेलची ओकलंड ही गाडी या रंगात आणली, तीही निळी! आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडचे पेंटर आजही कपाटाला 'ड्युको मारू का?' असे विचारतात तो शब्द इथला. ते एका रंगाचे व्यापारी नाव होते हे विचारणाऱ्यालाही माहीत नसते.

पण ड्युकोची एक खोड होती. फवारा मारल्यावर तो मंद दिसे. चमक आणायला त्याला बारीक भुकटीच्या लेपाने घासावे लागे. रबिंग कंपाउंडचे महत्त्व वाढले ते या लॅकरमुळे. थोडक्यात, चमक ही वरून लावायची वस्तू नाही, घासून काढायची आहे. पृष्ठभाग जितका सपाट तितका उजेड सरळ परत येतो, तीच आपली चकाकी. मेण मात्र वरून लावायचे. ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे मेण त्यासाठी नावाजलेले आहे. ते ओरखड्यात बसते आणि दोन-चार पावसांत उतरते. ते दोष झाकते, काढत नाही.

आपल्या ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात रंग एकाच जातीच्या थराचा असे, म्हणजे रंगद्रव्य अगदी वरपर्यंत. माझी पद्मिनी उन्हाने पांढुरकी पडली की मी रविवारी रबिंग घेऊन बसे. फडके निळे होई आणि गाडी पुन्हा निळी दिसू लागे. आम्हाला वाटे, मळ निघाला. प्रत्यक्षात रंगच निघत होता! त्याही आधी आमच्या शाखेच्या मॅनेजरसाहेबांचा ड्रायव्हर रॉकेलच्या बोळ्याने ॲम्बॅसिडर पुसायचा. ती तासभर चमके आणि मग साऱ्या रस्त्याची धूळ अंगाला चिकटवून घेई. पण रंग जाड आणि गाड्या पांढऱ्या, त्यामुळे सगळे खपून जात असे. गाडी मिळायलाच वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे दिवस होते ते. रंगाकडे वाकून बघणार कोण?

१४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुतीची किल्ली इंदिराजींच्या हस्ते दिली गेली आणि आपल्याकडची मोटारच बदलली. जगात त्याच दशकात रंगाची पद्धतही बदलत होती. खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर रंगहीन, काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. पुढे आपल्या गाड्यांनाही तोच आला. आज शोरूममधून येणारी गाडी ओली असल्यासारखी दिसते ती त्यामुळे. या थराची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरा. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी शोभा केसापेक्षा पातळ थरावर उभी आहे. उन्हापासून रंगाला वाचवतो तोही हाच थर.

आता वर्तुळांकडे येतो. ती वर्तुळे नसतातच! घरी जेवणाचे जुने स्टीलचे ताट घ्या आणि बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघा दिसतील. ताट हलवा, वर्तुळेही बल्बाबरोबर सरकतील. खरे तर ताटावर सगळ्या दिशांनी घासण्याचे ओरखडे असतात. त्यातले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चकाकतात, आणि ते उजेडाभोवती कडे केल्यासारखे भासतात. गाडीचे तेच. म्हणजे 'गोल गोल घासता का?' हा सभेतला प्रश्नच चुकीचा होता. सरळ रेघेत घासले असते तरी ओरखडे पडलेच असते. गडद गाडीवर ते डोळ्यांत भरतात, पांढरीवर असून दिसत नाहीत.

ओरखडे करते कोण? धूळ. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने गाडी 'झटकणे' म्हणजे त्याच कणांनी तिला घासणे. मळके पाणी आणि एकच बादली असेल तर दुसऱ्या गाडीपासून पुढे प्रत्येक गाडीला आधीच्या गाडीची माती लागते.

२०२०च्या मार्च अखेरीला सगळे बंद झाले. मामा सोलापूरकडे गावी गेले. आपण आपापल्या गाड्या स्वतः पुसू लागलो. मी तर आधीपासूनच माझी गडद निळी गाडी स्वतः पुसत असे, मामांकडे ती कधीच नव्हती. जूनमध्ये एका संध्याकाळी नातवाने सहज टॉर्च मारला आणि म्हणाला, "आजोबा, आपल्या गाडीवर पण जाळं आहे." मी चष्मा लावून पाहिले. बी विंगच्या काळ्या गाडीवर होते तसेच, कदाचित जास्तच. आणि त्या गाडीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता.

मग मात्र झोप गेली. वाचायला लागलो, सामान मागवले आणि घरीच काम करायचे ठरवले. वेळ भरपूर होताच. पहिली चूक मी केली ती ओळखीच्याकडून आणलेले ग्राइंडरसारखे फिरणारे यंत्र वापरण्याची. बॉनेटच्या कडेला ते क्षणभर जास्त टेकले आणि रुपयाएवढा डाग कायमचा पांढुरका झाला. कडांवर थर आणखी पातळ असतो हे मला नंतर कळले. डाग अजून आहे, पाहायचा असेल त्याने यावे. त्यानंतर डगमगत फिरणारे, म्हणजे एकाच जागी गरम न होणारे ड्युअल ॲक्शन यंत्र मागवले आणि काम जमले.

करायचे ते असे. गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार. आधी भरपूर पाण्याने धूळ ओघळू द्यायची, मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत फक्त हातमोजा खळबळायला. रबर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर कागदी टेप चिकटवायची. सगळ्यात सौम्य पॉलिश घेऊन दीड फूट चौरसाचा तुकडा आधी करून बघायचा, टॉर्च मारायचा, आणि तेवढ्याने भागत असेल तर जाड पॉलिशला हात लावायचा नाही. पुसायला मायक्रोफायबर. त्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांचा शोध जपानच्या तोरे कंपनीने १९७०च्या सुमारास चामड्यासारखे कापड बनवण्यासाठी पुढे आणला होता. शेवटी मेण. नुसत्या हाताने केले तर वरवरचे ओरखडे जातात, पण खांदा आठवडाभर बोलतो.

आणि एक लक्षात ठेवा. पॉलिशने ओरखडा 'भरत' नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळाशी आणला जातो. प्रत्येक वेळी थोडा थर कायमचा जातो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या खात्यात भरणा होत नाही, फक्त उचल. शोरूमचे लोक दर सर्व्हिसिंगला पॉलिश सुचवतात तेव्हा हे कोणी सांगत नाही.

माझी गाडी चांगली झाली. पण मनातून तो दीड हजार जाईना. मी इतिवृत्ताची वही काढली आणि मागे मागे गेलो. २०१५-१६मध्ये पुण्यात पाणीकपात होती, दिवसाआड पाणी. त्या वर्षीचा ठराव सापडला : गाड्या धुणे बंद, फक्त पुसणे, आणि सर्व गाड्यांना मिळून सकाळी एक बादली पाणी. सूचक म्हणून खाली माझेच नाव. टँकरची बिले वाचवायची होती मला, आणि ती वाचलीही. अहवालात मी ते अभिमानाने मांडले होते. कपात संपली, ठराव मात्र कोणी मागे घेतला नाही. मामा तीन वर्षे आमचाच ठराव पाळत होते, आणि २०१८ला आम्ही त्यांना त्याबद्दल दंड केला. त्या सभेत मामांना 'एकच बादली का?' असे कोणी विचारले असते तर ते काय म्हणाले असते? पण तसे कोणी विचारले नाही. मीही नाही.

पुढच्या सभेत मी हा विषय मांडला. बी विंगच्या सभासदांनीच अनुमोदन दिले, हे मुद्दाम नोंदवतो. रक्कम परत करायची ठरली. मामा काही परत आले नव्हते, समोरच्या इमारतीतल्या वॉचमनकडून नंबर मिळवला. मी सगळे समजावून सांगितले, ठराव, बादली, धूळ. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हंजी साहेब, आता काय द्यायचं ऱ्हायलं न्हाई ना? मला वाटायचं, दोन म्हैन्यांत गावी आलो, अजून कापायचं असंल."

काहीच द्यायचे नाही, उलट आम्हालाच द्यायचे आहे, हे त्यांना पुन्हा सांगावे लागले. पैसे त्यांच्या मुलाच्या खात्यावर पाठवले. २०१८च्या ताळेबंदात ते दीड हजार मी 'इतर उत्पन्न' या सदरात दाखवले होते, तेही पुढच्या वर्षी दुरुस्त केले.

आता मीटर-रूमशेजारच्या नळाखाली दोन निळ्या बादल्या आणि हातमोजे ठेवलेले आहेत. गणपतीत त्या बादल्या मंडपात जातात आणि परत येताना एकच येते. दुसरी ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया आणून ठेवावी.