विंधन-मापन
भूतांत्रिक पाहणीत खडकाची प्रत जाणण्यासाठी विंधन चालू असतानाच यंत्रावरील संवेदकांनी घेतलेली मोजमापे. मृदू खडकाचा गाभा (विंधनातून काढलेला दंडगोलाकार नमुना) विंधताना चुरतो, पाण्याबरोबर वाहून जातो आणि गाभापेटीत नेमकी कमकुवत थराची जागा रिकामी राहते. म्हणून विंधनाचा वेग, खाली दिलेला रेटा, पीळ, फेऱ्यांची गती व पाण्याचा दाब खोलीनुसार सलग नोंदवतात. त्यांवरून एकक घनफळ खडक फोडण्यास लागणारी विशिष्ट ऊर्जा काढतात. ही संकल्पना टील यांनी १९६५ मध्ये मांडली. दख्खनच्या कठीण बेसाल्टमधून दोन लाव्हाथरांमधील मऊ तांबड्या मातकट पट्ट्यात विंधनाचे बिट (खडक कापणारे टोक) शिरले की, रेटा तोच असूनही वेग एकदम वाढतो. बिटची झीज व चालकाचे कसब यांचाही आकड्यांवर परिणाम होतो. त्यामुळे गाभा आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांशी पडताळणी आवश्यक असते.