समुद्रातल्या डोंगरावरचा रस्ता

वाचकहो, फ्रान्सचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. देश साधारण सहा बाजूंचा आहे, आणि फ्रेंच लोक त्याला कौतुकाने 'षट्कोन' असेच म्हणतात. आता खाली उजव्या अंगाला पाहा. भूमध्य समुद्रात, एक बोट वर केलेल्या मुठीसारखे बेट दिसेल. ते कॉर्सिका. शाळेतल्या नकाशात पुष्कळदा ते कोपऱ्यातल्या चौकटीत सरकवलेले असते. हे बेट १७६९ पासून, मधली थोडी वर्षे सोडली तर, फ्रान्सचेच आहे. नेपोलियन तिथलाच. असे असूनही 'फ्रान्सची प्रदक्षिणा' असेच जिचे नाव, त्या तूर द फ्रान्स ह्या सायकलींच्या शर्यतीला बेटावर पाऊल ठेवायला ११० वर्षे लागली. शर्यत सुरू झाली १९०३ साली आणि कॉर्सिकात आली २०१३ साली. असे का व्हावे? प्रश्न खेळाचा दिसतो खरा, पण त्याचे उत्तर इतिहासाच्या तासालाच शोधावे लागते.

आधी शर्यतीची थोडी ओळख करून घेऊ. पॅरिसमध्ये 'लोतो' नावाचे एक क्रीडापत्र निघे. त्याचे संपादक आंरी देग्रांज. समोर 'ल व्हेलो' हे जुने, जम बसलेले पत्र. 'लोतो'चा खप वाढेना, तेव्हा कचेरीतल्या एका तरुण वार्ताहराने सुचवले की आपण साऱ्या देशाभोवती सायकलींची शर्यत लावू. १ जुलै १९०३ रोजी साठ स्वार निघाले. सहा टप्पे आणि जवळजवळ २,४०० किलोमीटरचा पल्ला. रात्रीच्या अंधारातही सायकल हाकायची, आणि रस्ते धुळीचे नि खड्ड्यांचे. पुरे करणारे निघाले २१, आणि पहिला आला मोरीस गारँ. 'लोतो'चा खप भराभर वाढला, आणि 'ल व्हेलो' पुढच्या वर्षी बंद पडले.

पण लोकांनी ही शर्यत डोक्यावर घेतली ती काही केवळ वेगाच्या हौसेने नव्हे. त्याआधी २६ वर्षे, १८७७ मध्ये, फ्रान्समध्ये एक शालेय वाचनाचे पुस्तक निघाले होते. लॉरेन प्रांतातली दोन पोरकी मुले साऱ्या देशाला फेरी घालतात, गावोगावचे धंदे, नद्या, पिके पाहतात, अशी त्याची गोष्ट. लाखो मुले ते वाचून मोठी झाली. शिक्षकांना ह्यातली युक्ती चटकन कळेल. देश म्हणजे काय हे मुलाला सांगायचे, तर त्याला देशाच्या कडेने चालवून आणायचे. देग्रांजच्या शर्यतीने हेच काम मोठ्या माणसांसाठी केले. १९०५ मध्ये ती जर्मनीच्या सरहद्दीलगतच्या डोंगरावर चढली, आणि १९०७ मध्ये तर जर्मनांच्या ताब्यात असलेल्या मेट्झ शहरात जाऊन आली. १९१० मध्ये पिरेनीज आणि १९११ मध्ये आल्प्स पर्वत तिने ओलांडले. जिथे शर्यत जाते ते आपले, असा एक न बोललेला दावा तिच्यात होता.

मग कॉर्सिका का राहिले? चढण अवघड म्हणून राहिले, असे म्हणता येत नाही. पिरेनीजमधली तूर्माले ही खिंड २,११५ मीटर उंच आहे. १९१० मध्ये स्वार ती चढले तेव्हा सायकलीला आजच्यासारखे गिअर नव्हते. साखळी एका दातरीवरून दुसरीवर नेणारी कळ वापरायची मुभा शर्यतीत १९३७ पर्यंत नव्हतीच. कॉर्सिकात मोटारीचा रस्ता ओलांडतो ती सर्वांत उंच खिंड व्हेर्जो, १,४७७ मीटरची. तेव्हा उंचीचे कारण टिकत नाही.

समुद्राचे कारण लोक सांगत, आणि त्यात थोडे तथ्य होते. शर्यतीबरोबर हजारो माणसे असतात, शेकडो गाड्या असतात. एवढा लवाजमा बोटींवर चढवायचा आणि उतरवायचा, म्हणजे खर्चही आला आणि दिवसही मोडला. पण मग पुढचे पाहा. १९५४ मध्ये शर्यत सुरू झाली ती हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमला. १९७४ मध्ये एका दिवसासाठी ती समुद्र ओलांडून इंग्लंडातल्या प्लिमथला गेली. १९८७ मध्ये पश्चिम बर्लिनला, १९९८ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनला आणि २००७ मध्ये लंडनला. परक्यांच्या समुद्रापार जाता येत होते, आणि घरच्या बेटाला तेवढा समुद्र आड येत होता! माझ्या मते समुद्र हे निमित्त होते. खरे कारण बेटाच्या मातीत होते.

भूगोलाच्या पुस्तकांत कॉर्सिकाला 'समुद्रातला डोंगर' म्हटलेले असते, आणि ते अगदी योग्य आहे. बेट उत्तर-दक्षिण १८३ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ८३ किलोमीटर रुंद. तेवढ्यात मोंते चिंतो हे शिखर २,७०६ मीटर उंच उभे आहे. पश्चिम किनारा म्हणजे सरळ पाण्यात उतरणारे कडे. सपाट जमीन अशी काय ती पूर्वेला, एक अरुंद पट्टी. तुम्ही म्हणाल, मग गावे त्या पट्टीत असतील. तसे नाही. जुनी गावे बहुतेक सारी वर, डोंगराच्या कुशीत. कारण सपाटी होती दलदलीची, आणि तिथे हिवतापाचे राज्य. शिवाय समुद्रावरून चाचे येत; त्यांच्यावर नजर ठेवायला बांधलेले गोल बुरूज किनाऱ्यावर आजही उभे आहेत. मेंढपाळ हिवाळ्यात कळप खाली आणीत, आणि उन्हाळा लागला की ताप यायच्या आधी वर निघून जात. वाटा होत्या त्या माणसांच्या, मेंढरांच्या आणि खेचरांच्या.

ह्या बेटावर शतकानुशतके जिनोव्हा ह्या इटालियन नगरराज्याची सत्ता होती. लोकांनी तिच्याविरुद्ध बंड केले, आणि १७५५ मध्ये पास्क्वाले पाओली ह्यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचे राज्य उभे केले. कोर्ते हे डोंगरातले गाव त्याची राजधानी. तिथे त्यांनी १७६५ मध्ये विद्यापीठसुद्धा काढले. जिनोव्हाने १७६८ मध्ये आपले हक्क फ्रान्सच्या हवाली केले, बेटावरच्या लोकांना न विचारता. मे १७६९ मध्ये गोलो नदीवरच्या पोंते नोवू ह्या पुलापाशी पाओलींच्या सैन्याचा मोड झाला. नेपोलियनचा जन्म त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये.

नव्या धन्याला रस्ते हवे होते. आधी पलटणींसाठी, मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जंगलांसाठी. इथल्या डोंगरांत लारिसियो जातीचे सरळसोट पाइन वृक्ष वाढतात, जहाजाच्या डोलकाठीला उत्तम. ते खाली आणायला सरकारने जंगलातून गाडीरस्ते काढले. आता एक बारकावा लक्षात घ्या. लाकडाने लादलेली गाडी जनावरांनी ओढायची, म्हणून चढ एकदम देऊन चालत नाही. तेव्हा इंजिनिअर रस्ता वळणावळणाने फिरवतो, प्रत्येक घळीत आत नेतो, बाहेर काढतो. अंतर वाढते, पण चढ बेताचा राहतो. खेचराला जे झेपते ते सायकलवाल्यालाही झेपते. आज दूरदेशचे हौशी सायकलस्वार कॉर्सिकातल्या घाटांची तारीफ करतात, ती खरे पाहता त्या जुन्या लाकूडगाड्यांच्या हिशेबाची तारीफ आहे.

पूर्वेच्या सपाटीची हकीकत मात्र निराळी, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कॉर्सिका मुक्त झाले. पाठोपाठ अमेरिकन सैन्याने तिथे डी.डी.टी. फवारले आणि हिवताप हटला. जी जमीन कोणी फुकट घेत नसे, ती एकाएकी मोलाची झाली. सरकारने पाण्याचा निचरा केला, कालवे आणले. पण १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, तिथले फ्रेंच वसाहतवाले परतले, आणि ह्या नव्या जमिनीचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. त्यांनी द्राक्षमळे लावले. डोंगरातला मेंढपाळ वरून पाहत राहिला. आपल्या आजोबांनी तापाच्या भीतीने सोडलेली जमीन, ताप गेल्यावर दुसऱ्यालाच मिळाली, ही सल मनात बसली. ऑगस्ट १९७५ मध्ये एडमों सिमेओनी ह्या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली काही शस्त्रधारी माणसांनी आलेरिया येथील अशाच एका द्राक्षमद्याच्या कोठारात ठाण मांडले. सरकारने मोठी फौज पाठवली. चकमकीत दोन शिपाई ठार झाले. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्यवाद्यांची गुप्त संघटना निघाली आणि बेटावर बाँबस्फोट ही नित्याची बातमी झाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये आजाक्सियो शहरात सरकारचे प्रमुख अधिकारी क्लोद एरिन्याक ह्यांचा भर रस्त्यात गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये शर्यत डब्लिनला सुरू झाली.

आता सांगा, उघड्या रस्त्यावरून मैलोगणती चालणारी शर्यत अशा ठिकाणी न्यायला कोण धजेल? कडेला दोर नाही, तिकीट नाही, कोणीही हात लांब करून स्वाराच्या पाठीला लावावा, हेच तर तिचे वैभव!

पण हळूहळू बर्फ वितळला. २०१० पासून 'क्रितेरियोम अँतरनास्योनाल' ही दोन दिवसांची छोटी शर्यत दक्षिणेकडच्या पोर्तो-वेक्योला भरू लागली. तिथे काही विपरीत घडले नाही. मधली महायुद्धे वजा जाता २०१३ ची तूर ही शंभरावी येत होती. शंभराव्या खेपेला तरी प्रदक्षिणा पुरी व्हावी असे संयोजकांनी ठरवले, आणि सुरुवातीचे तीन दिवस कॉर्सिकाला दिले.

२९ जूनला स्वार पोर्तो-वेक्योहून निघाले. २१३ किलोमीटरवर बास्तिया. तो रस्ता कोणता म्हणाल? तीच पूर्वेची सपाटी. एके काळी उन्हाळ्यात जिथे माणूस थांबत नसे, तिथून ऐन उन्हाळ्यात सारे जग भरधाव निघाले. शेवटी मोठी गंमत झाली. एका ऑस्ट्रेलियन संघाची उंच बस शेवटच्या रेषेवरच्या कमानीत अडकून बसली! इकडे स्वार जवळ येताहेत. संयोजकांनी शेवटची रेषा तीन किलोमीटर अलीकडे आणल्याचे जाहीर केले. तेवढ्यात बसच्या चाकांतली हवा सोडून ती कशीबशी मागे घेतली, आणि रेषा पुन्हा मूळ जागी. त्या गडबडीतच स्वारांची मोठी पडापड झाली. ब्रिटनच्या गेरेंट थॉमसचे कटिबंधाचे हाड त्या दिवशी मोडले, आणि तरी हा गडी तीन आठवडे सायकल चालवीत पॅरिसला पोचला. टप्पा जिंकला जर्मनीच्या मार्सेल किट्टेलने.

दुसऱ्या दिवशी शर्यत डोंगरात शिरली. पाओलींच्या कोर्तेवरून, १,१६३ मीटर उंच व्हिझाव्होना खिंड ओलांडून, नेपोलियनच्या आजाक्सियोला. बेटाच्या इतिहासातली दोन टोके एका दिवसाच्या रस्त्याने जोडली गेली. बेल्जियमचा यान बाकेलांट्स अवघ्या एका सेकंदाने पुढे राहिला. तिसरा दिवस पश्चिम किनाऱ्याचा, आजाक्सियो ते काल्व्ही. तांबड्या खडकांत कोरलेला अरुंद रस्ता आणि खाली समुद्र. तारीख होती १ जुलै. म्हणजे पहिली शर्यत निघाली त्याला त्या दिवशी बरोबर ११० वर्षे झाली. अगदी निसटत्या फरकाने जिंकला ऑस्ट्रेलियाचा सायमन गेरान्स, तोही त्या बस अडकलेल्या संघाचा!

त्यानंतर २०२५ पर्यंत तरी ही शर्यत बेटावर परत आलेली नाही. गुप्त संघटनेने २०१४ च्या जूनमध्ये शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. २०१५ मध्ये सिमेओनी डॉक्टरांचे चिरंजीव निवडणुकीच्या मार्गाने बेटाच्या कारभाराचे प्रमुख झाले. सायकलस्वार मात्र दर साली येत राहतात. घाटात त्यांना मोकाट डुकरे आडवी येतात, गाई रस्त्यात बसलेल्या असतात. वळणावळणांवर गावांची नावे सांगणाऱ्या पाट्या आहेत, फ्रेंच आणि कॉर्सिकन अशा दोन्ही भाषांत. पुष्कळ पाट्यांवर फ्रेंच नाव काळ्या रंगाने पुसलेले असते, आणि काहींवर बंदुकीच्या गोळ्यांची भोके असतात. कॉर्सिकन नाव तेवढे स्वच्छ वाचता येते.